लेकीविरुद्ध जिंकलेले एकेचाळीस डाव

मी बुद्धिबळ चांगलं खेळतो असं कारखान्यात अजूनही दोघं-तिघं समजतात. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. इथे सांगतो.

मी जॉबर आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथले चोवीस यंत्रमाग माझ्याकडे. आडवा धागा नेणारा धोटा अडकला, ताण्याचे उभे धागे तुटायला लागले, कापडात खोट दिसली की विणकर हात वर करतो आणि मी पाना घेऊन जातो. सगळे माग नीट चालू असले की जॉबरला काम नसतं. नवीन मालकाला हे पटायला वर्ष जातं. जॉबर स्टुलावर बसलेला दिसला म्हणजे कारखाना सुखात आहे असं समजायचं. फक्त कान मागांवर पाहिजे. चोवीस मागांच्या खडखडाटात एक थांबला, तर विणकराचा हात वर जायच्या आधी मला कळतं. ह्याच खडखडाटानं माझा डावा कान खाल्ला. बायको पहिल्यांदा डावीकडून सांगते, मग वैतागून उजवीकडे येते.

बुद्धिबळात कान लागत नाही, म्हणूनच मला ते आवडलं असावं. शाळेत असताना घोडा अडीच घरं आणि उंट तिरका एवढं येत होतं. सहा-सात वर्षांपूर्वी फोनवर ॲप घेतलं आणि स्टुलावर बसून दहा-दहा मिनिटांचे डाव खेळायला लागलो. दहा मिनिटं मला, दहा समोरच्याला. समोर कुठल्या तरी देशाचा झेंडा आणि एक टोपणनाव, बाकी काही नाही. मी बहिरा आहे की तो, कुणाला फरक पडत नाही. दहावी नापास माणूस सोलापुरात बसून परदेशातल्या माणसाला मात देतो, ह्याची मला भारी मजा वाटायची. तो परदेशातला माणूसही बहुतेक कुठल्या तरी स्टुलावरच बसलेला असणार, हे लक्षात यायला बरेच दिवस गेले.

माझ्या सवयी वाईट. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग दोन्ही घोडे बाहेर, मग होईल ते होईल. राजाला कोपऱ्यात लपवणारा किल्लेकोट करायला कायम उशीर, त्यामुळे राजा भर चौकात उभा. वजीर लवकर बाहेर काढायचो आणि समोरचा माणूस त्याला पटभर पळवायचा. हरलो की लगेच दुसरा डाव, तोही हरलो की तिसरा. रागाच्या भरात ओळीनं सहा-सात डाव घालवायचो आणि दोष फोनच्या तडकलेल्या काचेला द्यायचो. डाव रंगात आला की नेमका एखादा माग बंद पडायचा. तेव्हा मी मागाकडे जायचो, एवढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. परत येईपर्यंत घड्याळ संपलेलं असायचं. असे डाव मी हरलेल्यांत धरत नसे. ॲप धरायचं.

ॲप प्रत्येकाला एक आकडा देतं. जिंकलं की चढतो, हरलं की उतरतो, त्याला रेटिंग म्हणतात. माझं सहाशेच्या खाली सुरू झालं. आठशेला यायला वर्ष लागलं, हजाराला आणखी दोन. हजार झाले त्या दिवशी मी विणकरांना कारण न सांगता चहा पाजला. पुढे अकराशेच्या आसपास गाडी अडकली ती अडकलीच. बाराशे व्हावेत एवढीच इच्छा होती. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं अशी इच्छा कुणाजवळ बोलून दाखवायची, हा प्रश्नच होता. म्हणून मी ती कुणाला सांगितली नाही.

मुलगी आठवीत होती. एका रविवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत कॉटवर बसून खेळत होतो आणि ती शेजारी उभी राहून वेणी घालत होती.

"अप्पा, उंट फुकट चाललाय की तुमचा."

"गप बस," मी म्हणालो.

पुढच्याच चालीला उंट गेला. मी तिच्याकडे बघितलं. तिला मी कधी काही शिकवलं नव्हतं. माझ्या खांद्यावरून बघून बघून ती शिकली होती, आणि माझ्या चुका बघून शिकली म्हणजे चांगलंच शिकली असणार. त्याच दिवशी बायकोच्या फोनवर ॲप घेऊन दिलं आणि तिचं वेगळं खातं उघडलं.

आमचा रिवाज ठरून गेला. संध्याकाळी मी कारखान्यातून आलो, हात-पाय धुतले, चहा झाला की एक डाव. रविवारी दोन-तीन. ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्या दिवशी सुट्टी, कारण तेव्हा घरात कुणालाच बसता येत नाही. मी बाहेर कॉटवर, ती आतल्या खोलीत खिडकीपाशी. समोरासमोर बसलं की माझ्या तोंडावरून तिला सगळं कळतं अशी तिची तक्रार नव्हती, माझीच होती. मधे दार उघडं असायचं. मी गाढवपणा केला की आतून हसू ऐकू यायचं. तेवढं मला एका कानानंही ऐकू यायचं.

चार महिन्यांनी तिनं मला पहिल्यांदा हरवलं. मी उठून आत गेलो, तिला उचलायला बघितलं, पण ती आता उचलण्याएवढी राहिली नव्हती. पेढे आणले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात चोवीस मागांच्या आवाजावर ओरडून सगळ्यांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिनं परत हरवलं, मग परत. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की दहातले आठ डाव तिचे. तिचा आकडा अकराशे, मग साडेअकराशे, मग बाराशे. मी ज्या बाराशेसाठी चार वर्षं स्टुलावर घासत होतो, ते तिनं वर्षाच्या आत पार केले आणि त्या संध्याकाळी तिला अभ्यास होता म्हणून सांगायचंही विसरली.

मला वाईट वाटलं. असं वाटायला नको होतं, पण वाटलं. आपल्या लेकराचा हेवा वाटतो हे कबूल करायला माणसाला कुठे जागाच नसते. मी पेढे आणायचं बंद केलं आणि 'शाब्बास' म्हणायचं चालू ठेवलं.

ती नववीत गेली त्या उन्हाळ्याच्या शेवटी बायकोचा भाऊ अक्कलकोटहून आला होता. बायको त्या भागातली, भाऊ-बहीण कानडीत बोलत बसले होते आणि आमचा डाव चालू होता. मी वजीर घालवला. आतून हसू आलं. मेहुणा उठून माझ्या फोनमध्ये डोकावला. त्याला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, पण माझं तोंड कळलं.

"दाजी," तो मोठ्यानं म्हणाला, "जॉबरचा जॉबर घरातच निघाला की! आता पाना पोरीकडं द्या अन् तुमी आराम करा."

सगळे हसले. बायको हसली, मुलगी आतून हसली, मीही हसलो. मेहुण्यानं तेच वाक्य जेवताना परत म्हटलं आणि जाताना चप्पल घालताना आणखी एकदा.

दुसऱ्या दिवशी मी माझा जुना फोन कपाटातून काढला. त्यात एक दुसरं ॲप घेतलं. हे खेळत नाही, हे सांगतं. पटावरची मांडणी त्यात घातली की सगळ्यात चांगली चाल कोणती ते क्षणात दाखवतं. हरलेल्या डावाचा अभ्यास करायला लोक ते वापरतात. मी संध्याकाळी कॉटवर बसलो, उशीच्या आड तो जुना फोन ठेवला, आणि मुलीनं केलेली प्रत्येक चाल त्यात घालत गेलो. तो दाखवील ते प्यादं, तो दाखवील तो घोडा. सव्वीस चालींत मात झाली.

मग ती दारात आली. डोळे मोठे झालेले.

"अप्पा! लई भारी खेळला की तुमी!"

तिला खरोखर आनंद झाला होता. हे मला आज सगळ्यात जास्त आठवतं. मी हरलो की मला जे व्हायचं ते तिला झालंच नव्हतं.

तिथेच थांबायला हवं होतं. गंमत केली म्हणून फोन दाखवला असता तर हसण्यावारी गेलं असतं. पण मी म्हणालो, "मग? बाप आहे तुझा." आणि दुसऱ्या दिवशी परत उशीच्या आड फोन ठेवला.

आमच्या धंद्यात शिकवायची एक पद्धत आहे. मी विशीत कामाला लागलो तेव्हा माझे वस्ताद मला काही समजावून सांगत नसत. सकाळी मी यायच्या आधी ते एखाद्या मागाचा बोल्ट अर्धा आटा सैल करून ठेवायचे आणि "बघ, काय बिघडलंय," म्हणून चहाला निघून जायचे. मी दोन-दोन तास मागाखाली पडून असायचो. खोट सापडली की ते नुसती मान हलवायचे, नाही सापडली तर जेवायच्या सुट्टीपर्यंत तसंच ठेवायचे. सोलापुरातले माझ्या ओळखीचे सगळे जॉबर असेच तयार झाले. मुद्दाम खोट करून ठेवायची आणि शिकणाऱ्यानं ती शोधायची, ह्याला आम्ही विद्या देणं म्हणतो. मी स्वतःची समजूत घातली की मी तेच करतोय. पोरगी हुशार आहे, शाळेच्या स्पर्धा पुढं आहेत, समोर कडक माणूस पाहिजे. ती शोधील, सुधारेल आणि एक दिवस मला, म्हणजे त्या फोनला, हरवील.

ती शोधायला लागलीच. तिनं ठरवलं की अप्पांना हरवल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी खेळायचं नाही. ॲपवर येणारे बाकीचे डाव तिनं बंद केले. शाळेतून आली की ती पुठ्ठ्याचा पट मांडून आदल्या दिवशीचा डाव पहिल्यापासून लावायची. एका वहीत 'माझी चूक' असं शीर्षक करून खाली लिहायची. एका संध्याकाळी ती पट घेऊन माझ्याशेजारी कॉटवर बसली.

"हितं तुमी हत्ती का दिला?"

मला तो हत्ती दिल्याचं आठवतही नव्हतं. जुन्या फोननं दाखवलं, मी केलं.

"मनात आलं," मी म्हणालो.

"आसं कसं मनात येतंय? पुढचं दिसलं असंल की. सांगा की अप्पा."

मी पटाकडे बराच वेळ बघितलं. मला खरंच काही दिसत नव्हतं. शेवटी म्हणालो, "वजिराला वाट पाहिजे होती. मोठा मासा धरायचा तर हत्ती सोडावा लागतो." तिनं ते वहीत लिहून घेतलं. जसंच्या तसं, त्या माशासकट. पुढच्या आठवड्यात शाळेत बुद्धिबळ घेणाऱ्या सरांबरोबर खेळताना तिनं वजिराच्या वाटेसाठी हत्ती दिला आणि डाव गेला. घरी येऊन मला म्हणाली, "माझी वाट चुकली वाटतं."

वस्तादांनी सैल केलेला बोल्ट मागात असायचा. शोधला की सापडायचा. तिच्या खेळात मी कुठला बोल्ट सैल केला होता? तिचा माग नीट चालला होता. ती चांगल्या चाली करत होती आणि हरत होती, आणि नसलेली खोट रोज शोधत बसत होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कळत होतं. मागाखाली तेवढे तास घालवलेल्या माणसाला कळणार नाही तर कुणाला?

थांबलो का नाही, तर थांबायची वाट मीच बंद केली होती. जुना फोन ठेवून दिला की त्याच संध्याकाळी मी पूर्वीसारखा वजीर घालवणार आणि तिला कळणार. म्हणून मी हळूहळू हरायचं ठरवलं. आज एक चुकीची चाल, उद्या दोन. पण डाव चालू झाला की हात आपोआप उशीमागे जायचा. आणि एक गोष्ट सांगायची राहिली. तिसाव्या-बत्तिसाव्या डावाला माझा आकडा बाराशे झाला. मी त्याचा फोटो काढून ठेवला. खरं सांगतो, आनंद झाला.

हे सगळं दीड महिना चाललं. तिचं हसू बंद झालं होतं. जिंकलो की मी दाराकडे बघायचो, ती येत नसे. बायकोनं मला एकदा स्वयंपाकघरात उजव्या बाजूनं गाठलं.

"पोरगी जेवत न्हाय नीट. त्या खेळापायी चाललंय सगळं. एखादा डाव हरा की तिच्याशी."

"मुद्दाम हरलो तर तिला कळतंय."

"कळू द्या. साकु आता." साकु म्हणजे पुरे, पण बायको कानडीत पुरे म्हणते तेव्हा ते जास्त पुरे असतं.

मी हो म्हणालो. त्या दिवशी एकेचाळिसावा डाव मी एकवीस चालींत जिंकला.

शाळेच्या स्पर्धांमध्ये ती शहर पातळीवर आधीच निवडली गेली होती. ते सगळं उन्हाळ्याच्या आधी, मी उशी वापरायला लागण्याच्या आधी झालं होतं. आता जिल्ह्याची स्पर्धा होती. सरांनी मुलींमधून तिचं एकटीचं नाव दिलं होतं. एका गुरुवारी ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि बूट काढता काढता सहज सांगावं तसं सांगितलं.

"मी न्हाय जाणार सोमवारी. सरांना सांगितलं, दुसऱ्या कुणाला तरी न्या म्हणून."

"का गं?"

"घरातल्या घरात अप्पांना एकदा हरवता येत न्हाय, तितं जाऊन काय करू? पूर्वी यायचं मला, आता काय झालंय कुणास ठाऊक. सगळं विसरले बहुतेक."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं, तरी बघितलं. मला बोलायला जागा होती. चार दिवस होते. सर शाळेजवळच राहतात, चालत जाऊन सांगता आलं असतं. मी म्हणालो, "असू दे. पुढच्या वर्षी बघू." मुलीनं मान हलवली. सोमवारी शहरात तिच्या खालोखाल आलेली, दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी स्पर्धेला गेली. आमची घरी राहिली आणि तिनं दिवसभर माळ्यावरचे डबे घासून काढले. कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ती माझ्याशी खेळायला बसली नाही. मीही विचारलं नाही. आठ दिवसांनी, कारखान्यात सकाळच्या चहाला मी ॲप उघडलं तर पट आलाच नाही. इंग्रजीत निरोप होता. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण एवढं कळलं की माझ्या चाली माणसाच्या नाहीत हे त्यांनी ओळखलंय आणि माझं खातं कायमचं बंद केलंय. पहिला आला तो राग. म्हटलं, मी कुणाचं काय बिघडवलं? परक्या माणसाशी एकही डाव मी असा खेळलो नाही, फक्त घरच्या घरात. मग जरा बरंही वाटलं. सुटलो. घरी सांगायचं, कंटाळा आला, सोडून दिलं. विषय संपला. दिवसभर मी ते वाक्य मनात घोळवत होतो आणि एक माग बंद पडलेला मला विणकरानं खांद्याला हात लावून सांगितला.

घरी गेलो तर मुलगी दारातच होती, बायकोचा फोन हातात.

"अप्पा, हे बघा. मला पॉइंट परत दिलेत. पावणेदोनशे!"

मला काही समजेना. तिनं वाचून दाखवलं. शाळेत इंग्रजी चांगलं आहे तिचं. 'तुम्ही अलीकडे ज्याच्याशी खेळलात त्यानं नियम मोडल्याचं आढळलं आहे. त्यामुळे तुमचे गेलेले पॉइंट तुम्हाला परत करण्यात येत आहेत.' नाव दिलं नव्हतं. असं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. सहा वर्षं खेळत होतो, पण माझ्याशी कुणी लबाडी केलीच नव्हती.

"कुणीतरी चोर होता म्हणे," ती म्हणाली. आणि यादी बघायला लागली, कोण होता ते शोधायला. शोधायची सवय लागली होती तिला. बोट वर वर सरकत गेलं. सगळीकडे एकच टोपणनाव. एकेचाळीस वेळा. तिनं त्या नावावर बोट दाबलं, आणि तिथे खातं बंद केल्याची खूण होती.

मी अजून दारातच होतो, डबा हातात. तिनं यादी परत वरून खालपर्यंत बघितली. मला वाटलं रडेल, ओरडेल, फोन आपटेल. मी त्याची वाट बघत होतो. तसं झालं असतं तर मला काहीतरी करता आलं असतं.

"कधीपास्नं?" तिनं विचारलं.

"मामा येऊन गेला तेव्हापासून."

"सगळे?"

"सगळे."

तिनं मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी चुकत नव्हते."

"नव्हतीस."

एक क्षणभर, अगदी क्षणभर, तिचा चेहरा सैल झाला. मोठं ओझं उतरल्यावर माणूस खांदे सोडतो तसे तिनं खांदे सोडले. आणि लगेच परत आक्रसले.

"मग सरांना मी खोटंच सांगितलं की. येत न्हाय म्हणून."

मी म्हणालो, "मी जातो सरांकडे. आत्ता जातो. सांगतो माझी चूक आहे म्हणून."

"नका," ती म्हणाली. "स्पर्धा झाली की आता. नका जाऊ."

तिचं ते 'नका' मी ताबडतोब धरून ठेवलं. जणू तिनं मला जपायला नव्हे, खरंच जायची गरज नाही म्हणून सांगितलं. बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही, ना डावीकडून ना उजवीकडून. 'माझी चूक' लिहिलेली वही मी एकदा गुपचूप उघडून बघितली. सदतीस पानं भरली होती. प्रत्येक पानावर तिनं आपली चूक शोधून काढलेली होती.

मुलीनं ॲप काढून टाकलं. माझ्याशी वागण्यात काही फरक नाही. चहा देते, अप्पा म्हणते, गृहपाठावर सही घेते. फक्त मी काही शिकवायला गेलो की शांतपणे ऐकून घेते आणि मग आईला विचारते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं मंडईत गेलो होतो. तिथे तिचे सर भेटले, हातात भाजीची पिशवी. त्यांनी नमस्कार केला, घरची चौकशी केली, मग तिच्याकडे बघून मला म्हणाले, "हिच्यात दम होता हो. जिल्ह्याला नक्की काहीतरी केलं असतं. पण ऐनवेळी घाबरली. घरातून जरा धीर द्यायचा असतो अशा वेळी."

आता सांगावं, असं मला वाटलं. गर्दी होती, पण सर समोर होते आणि वाक्य एवढंसंच होतं. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आधी ती बोलली, सरांशी बोलते त्या शाळेतल्या मराठीत.

"अप्पा खूप म्हणत होते सर, जा म्हणून. मीच घाबरले."

सर हसले, "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि गर्दीत निघून गेले. तिनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि खाली वाकून मेथीच्या जुड्या बघायला लागली. मी तिच्या मागे उभा होतो, तोंड उघडंच होतं. मी ते मिटलं.